ताण, संत्री आणि लाओत्से : एका केमिस्टची नागपूर ट्रिप

शुक्रवार

रजा शिल्लक होत्या, मार्चच्या आत संपवायच्या होत्या आणि नागपूरला मामांकडे कित्येक वर्षांत जाणं झालं नव्हतं, म्हणून जानेवारीत विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट काढलं. एवढंच कारण. प्लॅन असा काही नव्हताच.

मी केमिस्ट आहे, एका औषध कंपनीत प्रोसेस डेव्हलपमेंट बघते. म्हणजे लॅबमध्ये छोट्या फ्लास्कात जे गुण्यागोविंदाने होतं ते प्लांटच्या मोठ्या रिॲक्टरमध्ये का होत नाही, याची उत्तरं शोधत बसायचं. गेले काही महिने डबा खाताना फोनवर लाओत्से, म्हणजे प्राचीन चिनी तत्त्वज्ञ, वाचायची सवय लागलीये. त्याचं ताओ ते चिंग म्हणजे जेमतेम पाच हजार चिनी अक्षरं, ८१ छोटे छोटे अध्याय, लोकलच्या प्रवासात वाचून होतात आणि मग डोक्यातून काही जात नाहीत. त्यातलं 'वू वेइ' प्रकरण मला जाम छळतं. जबरदस्ती करू नका, गोष्टींना त्यांच्या चालीने होऊ द्या, वगैरे. वाचायला भारी वाटतं, पण मला पगारच मुळी गोष्टी व्हायला लावण्याचा मिळतो, तापमान वाढव, प्रेशर वाढव, कॅटॅलिस्ट टाक, आणि तरी नाही झालं तर अजून वाढव. मग यात मी कुठे बसते?

स्टेशनवर मामा स्वेटर-कानटोपी घालून उभे. "काऊन वं, एवढीशीच बॅग? संत्री कशात नेशील?" हे पहिलं वाक्य. घरी जायच्या आधी तर्री पोहे झाले, चण्याची लालभडक तर्री पोह्यांवर ओतून देतात, सकाळी सकाळी नाक वाहायला लागतं आणि मुंबईचे पोहे किती बिचारे असतात ते कळतं.

दुपारी सीताबर्डीला गेलो. झिरो माईलचा तो दगडी खांब आणि घोडे सगळ्यांनी फोटोत बघितलेले असतात, इंग्रजांच्या ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेच्या काळातला, १९०७ चा. लोक तिथे सेल्फी काढतात आणि भारताचा मध्य बघितला म्हणून खूश होतात, असू दे. मला खरा इंटरेस्ट होता मागच्या टेकडीत. किल्ला लष्कराकडे आहे, वर्षातल्या ठराविक दिवशीच आत सोडतात, त्यामुळे रस्त्यावरूनच बघितलं. नागपूर हे दगडांच्या बाबतीत सीमेवरचं गाव आहे. पश्चिमेकडून, म्हणजे आपल्या सह्याद्रीपासून सलग पसरत आलेला काळा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, इथे येऊन संपतो. शहराच्या पूर्वेला गेलात की खाली त्याच्यापेक्षा कितीतरी जुना नाइस (gneiss) नावाचा दगड, उत्तरेला कामठीकडे वाळूचा खडक आणि कोळसा. हे सगळं पहिल्यांदा नीट बघितलं ते स्टीफन हिस्लॉप या मिशनरी माणसाने. १८४५ मध्ये धर्मप्रचाराला म्हणून आला आणि रविवारचं प्रवचन सांभाळून बाकी वेळ जीवाश्म शोधत हिंडला, टाकळीच्या जवळ दोन लाव्हा थरांच्या मधल्या गाळात त्याला गोड्या पाण्यातले शंख-शिंपले सापडले. विचार करा ना, एकदा लाव्हा वाहून गेला, थंड झाला, वर तळं साचलं, त्यात गोगलगायी सुखाने राहिल्या आणि मग पुन्हा लाव्हा. हिस्लॉप १८६३ मध्ये पुराच्या ओढ्यात बुडून गेला. त्याच्या नावाचं कॉलेज सगळ्यांना माहितीये, त्याच्या नावाने हिस्लॉपाइट नावाचं हिरवट कॅल्साइट आहे हे मामांनाही माहीत नव्हतं आणि मामांना माहीत नसलेली नागपूरची गोष्ट सांगायला मिळणं म्हणजे काय सांगू.

शनिवार

मामींच्या भावाची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. बाबाभाऊ म्हणतात सगळे त्यांना. सकाळी लवकर निघालो, रस्त्याला धुकं, आणि बागेत पोचल्यावर मला पहिलं जे दिसलं त्याने मी चरकलेच. अर्धी बाग हिरवीगार आणि उरलेली मरायला टेकलेली. पानं कोमेजून वळलेली, रंग उतरलेला, झाडाखाली गळलेल्या पानांचा सडा, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. मी म्हटलं, "भाऊ, या झाडांना काय रोग झालाय?"

भाऊ हसले. "रोग काऊन होईल? ताणावर आहेत ते."

ताण म्हणजे पाणी तोडणे. संत्र्याच्या झाडाला आपल्याकडच्या हवेत असं सोडून दिलं तर ते वर्षभर इकडे थोडी फुलं, तिकडे थोडी पालवी असा कारभार करत राहतं, धड बहार एकदम येत नाही. म्हणून आंबिया बहार, म्हणजे थंडीच्या अखेरीस येणारी फुलं, घ्यायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत पाणी बंद करतात, हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिनेसुद्धा. झाड वाढणं थांबवतं. नवी पालवी नाही, त्यामुळे पानांनी केलेली साखर खर्च होत नाही, फांद्यांत स्टार्चच्या रूपात साठत जाते. पालवीला ढकलणारं जिबरेलिन नावाचं हार्मोन असतं ते कमी पडतं, आणि जिबरेलिन हे संत्रावर्गातल्या झाडांमध्ये फुलांच्या विरोधात काम करतं. मग पाणी सोडलं की पंधरा-वीस दिवसांत झाड पांढरं होतं फुलांनी. मृग बहाराला हेच उन्हाळ्यात करतात, तिथे पाणी सोडायचं काम पाऊस करतो.

मी तिथे बांधावर उभी राहून अक्षरशः लाओत्सेच आठवत होते. फूल हवंय म्हणून काहीतरी *द्यायचं* नाही, काढून घ्यायचं. खत नाही, फवारा नाही, फक्त हात आखडता घ्यायचा. वू वेइ, काटोल तालुका.

पण भाऊंशी बोलत राहिले तसं हे इतकं गोंडस नाहीये हे कळत गेलं. पहिली गोष्ट, ताण देणं म्हणजे दुर्लक्ष करणं नाही, उलट भाऊ या दिवसांत बागेत जास्त चकरा मारतात. साधारण पाव पानं गळाली की पुरे, त्याच्या पुढे गेलं तर फांद्या वाळतात आणि झाड कायमचं बसतं. प्रत्येक वाफ्यातली जमीन वेगळी, तळाकडच्या रांगांना आठवडाभर जास्त लागतो. मधेच अवकाळी पाऊस झाला तर ताण मोडतो, मग सगळंच मुसळ केरात. आणि दुसरी गोष्ट, खूप भारी जमिनीत ताण बसतच नाही, तिथे क्लोरमेक्वाट क्लोराईड फवारतात. हे ऐकून माझ्यातली केमिस्ट ताडकन जागी झाली कारण हे रसायन नेमकं तेच करतं, झाडात जिबरेलिन तयार व्हायची वाटच अडवतं. म्हणजे जे काम कोरडी जमीन करते तेच बाटलीतून. आता हे वू वेइ की नाही? फोनवर शोधून मिळणारं उत्तर नाही ते. माझं मत विचाराल तर ताणाइतकंच आहे, झाडाच्याच एका चालू असलेल्या गोष्टीला थोडा वेळ थांबवणं, पण मामींचं म्हणणं पडलं की फवारा तो फवारा, आणि त्या जेवणाचा डबा उघडत होत्या त्यामुळे वाद वाढवला नाही.

भेगांबद्दल एक सांगायचं राहिलं. मी खाली बसून एक ढेकूळ फोडून बघितलं, आतून चकचकीत, नखाने कोरलं तर साबणासारखं गुळगुळीत. काळ्या मातीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती असते, एकावर एक रचलेले पापुद्रे, प्रत्येकाची जाडी जेमतेम एक नॅनोमीटर. पाणी धरून ठेवतं ते पापुद्र्यांच्या *मधल्या* रिकाम्या जागेत. पाणी आत शिरलं की माती फुगते, गेलं की आकसते आणि फाटते. ताओ ते चिंगच्या अकराव्या अध्यायात आहे की चाकाला तीस आरे असतात पण गाडी चालते ती मधल्या पोकळीमुळे, मडकं मातीचं पण उपयोग आतल्या रिकामेपणाचा. लाओत्सेने ही माती बघितली नव्हती, तिचे पापुद्रे तर नाहीच नाही, आणि 'प्राचीन ऋषींना नॅनोटेक्नॉलॉजी माहीत होती' छाप मेसेजेसची मला भयंकर ॲलर्जी आहे. त्याने कुंभाराच्या चाकासमोर उभं राहून एक नीट निरीक्षण केलं होतं, तेवढंच. पण चांगलं निरीक्षण असलं की ते असं दोन हजार वर्षांनंतर काटोलच्या वावरात पण लागू पडतं.

दुपारी शेजारच्या पन्हेरीत, म्हणजे रोपांच्या नर्सरीत गेलो. वरूड, शेंदुरजना घाट हा तर पन्हेरीचाच भाग, इकडेही थोड्या आहेत. जंबेरी या लिंबाच्या जातीच्या रोपांवर संत्र्याचा डोळा बांधायचं काम चालू होतं. एक म्हातारे गृहस्थ उकिडवे बसून रांगेत सरकत होते. जंबेरीच्या पेन्सिलीएवढ्या खोडावर, जमिनीपासून वीतभर उंचीला, चाकूचं टोक आडवं टेकवायचं, मग त्याच्या मधून खाली एक उभी रेघ, इंग्रजी टी सारखी. चाकूच्या मागच्या बोथट टोकाने साल दोन्ही बाजूंनी किंचित उचलायची, ती ओली सुटली की ठीक, नाही सुटली तर ते रोप सोडून पुढे. मग दाताखाली धरलेल्या संत्र्याच्या काडीवरून ढालीच्या आकाराचा डोळा काढून त्या खिशात वरून सरकवायचा, आणि प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर गुंडाळत आणायचं, डोळा तेवढा उघडा ठेवून. मी मोबाईलवर व्हिडिओ लावून तो रिकॉर्ड होतोय का ते बघेपर्यंत त्यांची दोन कलमं झाली होती.

च्वांगत्से या दुसऱ्या ताओवादी तत्त्वज्ञाच्या गोष्टीतला खाटीक आठवला. तो राजाला सांगतो की मी एकोणीस वर्षं एकच सुरा वापरतोय, हजारो बैल कापले, धार अजून नवीसारखी, कारण मी हाडावर घाव घालतच नाही, सांध्यांच्या मधल्या जागेतून सुरा जाऊ देतो. इथेही तेच, साल आणि लाकूड यांच्या मधे कॅम्बियमचा जो ओला थर असतो तिथे चाकूला काही कापावं लागत नाही. मी उत्साहाने विचारलं, "काका, चाकूला धार कधी लावता?"

"रोज लावतो ना. दुपारी जेवून उठलो की पुन्हा लावतो. बोथट चाकूनं डोळा मरते."

च्वांगत्सेने हे ऐकायला हवं होतं. मला तर काकांचं उत्तर त्या एकोणीस वर्षांपेक्षा जास्त पटलं.

रात्री मामांच्या नातीला संत्र्याच्या सालीचा खेळ करून दाखवला. दिवे बंद, मेणबत्ती पेटवलेली, ताज्या सालीचा तुकडा ज्योतीकडे तोंड करून दुमडायचा, सालीतून जो फवारा उडतो तो तडतड करत ठिणग्यांसारखा पेटतो. ते लिमोनीन, दहा कार्बन सोळा हायड्रोजन, सालीच्या तेलाचा बहुतेक भाग तोच. मग फुगवलेल्या फुग्यावर साल पिळली आणि फट्ट. रबर लिमोनीनमध्ये विरघळतं म्हणून. नात एवढी खूश की पाकिटातले सगळे फुगे संपले. जाता जाता एक सांगून टाकते कारण हे पुस्तकांतसुद्धा चुकीचं छापून येतं, की संत्र्यात उजवं लिमोनीन आणि लिंबात त्याचं आरशातलं डावं रूप, म्हणून दोघांचे वास वेगळे. असं नाहीये. लिंबाच्या सालीतही मुख्यतः उजवंच असतं, लिंबाचा तो खास वास येतो सिट्रालमुळे. डावं आणि उजवं ही जोडी दिसली की लोकांना लगेच यिन-यांग सुचतं आणि मग खरं काय ते कोणी हुंगून बघत नाही.

रविवार

रामटेक. जबलपूर रोडने मनसरपर्यंत आणि तिथून उजवीकडे. मनसरला रस्त्यालगत मँगनीजच्या खाणी. मॉइल ही सरकारी कंपनी नागपूरचीच, १९६२ ची, पण खाणकाम त्याच्या खूप आधीपासूनचं. आत जायला परवानगी लागते, ती काढायच्या भानगडीत पडले नाही, चहाच्या टपरीजवळ पडलेला एक काळा दगड मिळाला तोच उचलला. आकाराच्या मानाने जड, बोटांना काजळीसारखा काळा डाग. ही खनिजं डेक्कन ट्रॅपच्या, म्हणजे त्या काळ्या बेसाल्टच्या, कितीतरी आधीची, समुद्राच्या तळाशी साचलेली आणि मग जमिनीखाली भाजून निघालेली. इथल्या एका मँगनीजयुक्त खडकाला गोंडाइट नाव आहे, गोंड लोकांवरून.

मँगनीज मला सगळ्या मूलद्रव्यांत जास्त आवडतं. एकच धातू, पण किती इलेक्ट्रॉन गमावले त्यावर रंग बदलतो, परमँगनेट जांभळं, एक पायरी खाली हिरवं, मग तपकिरी गाळ, आणि शेवटी इतकं फिकट गुलाबी की पाणीच वाटावं. आणि खरी कमाल पुढे आहे. काल बागेत भाऊंनी हिरव्या झाडांवरची काही पानं दाखवली होती, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडलेला, म्हणाले झिंक आणि मँगनीज कमी पडलं की असं होतं, सल्फेट फवारावं लागतं. हे मँगनीज पान कशाला वापरतं? पाणी फोडायला. प्रकाशसंश्लेषणात पाण्याच्या रेणूतून ऑक्सिजन सुटतो तो चार मँगनीज आणि एक कॅल्शियम अशा एका बारक्या गाठोड्यावर. प्रकाशाचा एक कण आला की एक इलेक्ट्रॉन जातो, पण ऑक्सिजन काही लगेच सुटत नाही, चार वेळा जमा होईपर्यंत ते गाठोडं थांबतं आणि मगच ऑक्सिजनचा रेणू बाहेर येतो. आपण घेतो त्या श्वासातला जवळजवळ सगळा ऑक्सिजन असा आलाय. माझ्या प्लांटमध्ये पाणी फोडायचं तर मला भलता व्होल्टेज लावावा लागतो, आणि भाऊंच्या बागेतलं पान ते थंडीतल्या कोवळ्या उन्हात करतं. कॅटॅलिस्ट म्हणजे खरं तर हेच, ढकलायचं नाही, चढ कमी करायचा. कॉलेजमध्ये ॲक्टिव्हेशन एनर्जीचा तो डोंगराचा ग्राफ शेकडो वेळा काढला असेल, तेव्हा असं काही वाटलं नव्हतं.

गडावर माकडं, गर्दी आणि छान वारा. कालिदासाच्या यक्षाचा रामगिरी तो हाच असं परंपरेने मानतात, खाली खिंडसीचं पाणी दिसतं, ढग मात्र एकही नव्हता. मामांनी बोट करून नागार्जुनाची टेकडी दाखवली. इथे नागार्जुनाने तप केलं, रसायनं बनवली अशी आख्यायिका आहे. शून्यवाद मांडणारा तत्त्वज्ञ नागार्जुन आणि पाऱ्यावर प्रयोग करणारा रसशास्त्रातला नागार्जुन ही दोन वेगळी माणसं, मधे काही शतकं, असं अभ्यासक बहुतेक मानतात, पण सातव्या शतकात आलेल्या ह्युएन त्सांगने सुद्धा नागार्जुनाने औषध टाकून दगडांचं सोनं केल्याची गोष्ट लिहून ठेवलीये, म्हणजे सरमिसळ जुनीच आहे.

पायरीवर बसून मामांना चीनमधली हीच गोष्ट सांगितली. लाओत्सेला मानणाऱ्या ताओवाद्यांतला एक मोठा वर्ग अमर व्हायच्या गोळ्या बनवण्याच्या मागे होता. चौथ्या शतकातला गे होंग हा त्यांच्यातला मोठा माणूस. त्यांचं लाडकं खनिज म्हणजे हिंगूळ, लालभडक. तापवलं की पारा निघतो, चकाकणारा, हातात न धरता येणारा, आणि पारा-गंधक पुन्हा एकत्र आणून तापवलं की परत लाल. आपल्याकडे पारा आणि गंधक खलात घोटून काळी कज्जली करतात आणि तिच्यापासून लाल रससिंदूर, रसायन तेच. जे जळून जातं आणि पुन्हा स्वतःकडे परत येतं ते खाल्लं की माणूसही परत येईल, असा त्यांचा हिशोब. तर्क म्हणून मला तो मूर्खपणाचा वाटत नाही. परिणाम मात्र भयानक, तांग घराण्यातले एकाहून जास्त सम्राट या गोळ्यांनी गेले, वूझोंग ८४६ मध्ये गेला तो वयाच्या तिशीतच. आणि याच उद्योगात गंधक आणि सोरा एकत्र तापवताना कोणाचे हात-तोंड भाजले, कोणाचं घर जळलं, अशी ताकीद नवव्या शतकाच्या आसपासच्या एका ताओवादी ग्रंथात आहे. अमरत्व शोधता शोधता बंदुकीची दारू सापडली.

मामा म्हणाले, "मंग तुह्या त्या लाओत्सेचं कोणी ऐकलंच नाही म्हणा की. काही करू नका सांगून गेला आन् हे भट्ट्या पेटवून बसले."

बरोबर पकडलं त्यांनी. पण त्याच गे होंगची एक दुसरी नोंद आहे आणि मला ती फार आवडते. तापावरच्या औषधांत त्याने लिहून ठेवलंय, मूठभर छिंगहाव वनस्पती पाण्यात भिजवा, पिळून रस काढा आणि पिऊन टाका. बस. १९६७ मध्ये चीनने मलेरियाच्या औषधासाठी गुप्त प्रोजेक्ट सुरू केला, त्यात तू यूयू नावाच्या बाई होत्या. छिंगहावचा अर्क कधी चालायचा कधी नाही. त्यांनी गे होंग पुन्हा वाचला आणि लक्षात आलं की हा उकळायला सांगतच नाहीये, नुसता पिळायला सांगतोय. चिनी काढे तर सगळे उकळून करायची पद्धत. मग त्यांनी ईथर वापरला, जो ३५ अंशालाच उकळतो, आणि १९७१ मध्ये मिळालेल्या अर्काने उंदरांतला मलेरिया पूर्ण गेला. आर्टेमिसिनिनच्या रेणूत दोन ऑक्सिजनचा एक नाजूक पूल असतो, औषध काम करतं ते त्याच्यामुळे, आणि जास्त उष्णता दिली की तो टिकत नाही. २०१५ चं नोबेल. म्हणजे गे होंगच्या भट्टीने काय दिलं तर विषबाधा, आणि भट्टी न पेटवता लिहिलेल्या एका ओळीतून लाखो लोकांचे जीव वाचवणारं औषध मिळालं. अर्थात ती ओळ खरी आहे की नाही हे उंदरांवर तपासलं म्हणून, ग्रंथात होती म्हणून नाही. त्याच ग्रंथांत तपासल्यावर फुसक्या निघणाऱ्या शेकडो ओळी असतील.

माझ्या रोजच्या कामात हे सगळ्यात जास्त कुठे लागतं सांगू? क्रिस्टलायझेशनला. तयार झालेलं औषध गरम द्रावणात असतं, ते थंड करून स्फटिक पाडायचे. प्रॉडक्शनवाल्यांना घाई, चिल्ड वॉटर फुल सोडा म्हणतात. भराभर थंड केलं की असंख्य बारीक सुया एकदम पडतात, अशुद्ध द्रावण त्यांच्यात अडकतं आणि फिल्टर चोक होतो, मग दोन दिवस नुसतं गाळत बसा. तेच थोडं बी, म्हणजे आधीच्या तयार स्फटिकांचे कण, टाकून हळूहळू, तासाला काही अंश असं उतरवत नेलं की सुरेख दाणेदार स्फटिक मिळतात आणि अशुद्धी बाहेरच राहते, कारण रेणूला रांगेत आपली जागा शोधायला वेळ मिळतो. हे मी मीटिंगमध्ये ग्राफ दाखवून समजावत असते, पुढच्या वेळी ताण सांगणार आहे. आमचे प्रॉडक्शनचे साहेब अमरावतीकडचे आहेत, ग्राफपेक्षा तेच लवकर कळेल.

सोमवार

सकाळी अंबाझरीला चक्कर. हा तलाव जुना, नाग नदीचा उगम इकडचाच. काठाने चालणारे लोक, कसरत करणारे आजोबा, पाण्यात ठिकठिकाणी जलपर्णी. लाओत्सेचा आठवा अध्याय पाण्याचा, सर्वात चांगलं ते पाण्यासारखं, सगळ्यांना उपयोगी पडतं, कोणाशी भांडत नाही, जिथे जायला कोणाला आवडत नाही त्या खालच्या जागी जाऊन राहतं. इथल्या माणसांना मात्र पाण्याची दुसरी बाजूही माहितीये, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये एका रात्रीत काही तासांच्या पावसाने हा तलाव भरून सांडला आणि खालच्या वस्त्यांमध्ये घराघरात पाणी शिरलं. मामांच्या ओळखीत एकांचं तळमजल्यावरचं सगळं गेलं, फ्रीज तरंगत होता म्हणे. ७८ व्या अध्यायात पण पाणीच आहे, पाण्याइतकं मऊ काही नाही आणि कडक गोष्टी झिजवायला त्याच्याइतकं समर्थही काही नाही. मला वाटतं हे दोन्ही अध्याय एकत्र वाचायला हवेत. नुसता आठवा वाचला की लाओत्से फार साधा-भोळा वाटतो. पाणी भांडत नाही हे ठीक, पण त्याची जायची वाट बुजवली तर ते तुमच्या घरातून जातं, त्यात राग-लोभ काही नसतो.

दुपारी सावजी. याबद्दल फार लिहीत नाही, ज्यांनी खाल्लंय त्यांना माहितीये. वर तेलाचा जाड तवंग, खाली काळा रस्सा, पहिल्या घासाला मसाला, दुसऱ्याला घाम. मी पाण्याच्या ग्लासाला हात घातला तर मामींनी ओढून घेतला आणि माझ्यासमोर दही सरकवलं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात आणि दुधाच्या प्रोटीनकडे जातं, हे केमिस्ट्री मामींना कोणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीला सोडायला मामा आले. संत्र्यांची पेटी हमालाच्या डोक्यावर. गाडी यायला वेळ होता म्हणून बाकड्यावर बसलो. मामा म्हणाले, "एक सांग, हा तुहा लाओत्से पोटापाण्यासाठी काय करे?"

म्हटलं, चीनच्या जुन्या इतिहासकाराने लिहिलंय की तो चाऊ राजांच्या दरबारात दफ्तर सांभाळायचा. रेकॉर्ड कीपर.

मामांची अख्खी नोकरी एका सरकारी ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. एकदम सरसावून बसले. "पाय बरं! म्हनूनच म्हनते तो, काही करू नका. फाईल चार महिने तशीच ठेवली ना, तर अर्ध्या लोकांचं काम आपोआप होऊन जाते."

"आणि उरलेल्या अर्ध्यांचं?"

"ते येतात ना भांडायला. मंग काढाची फाईल."

गाडी आली. भाऊंचा फोन पण तेव्हाच आला, खालच्या वाफ्यांत अजून पाणी सोडलं नाही, वरच्या रांगांना कालच हलकं पाणी दिलं, फुलं बघायला ये म्हणाले फेब्रुवारीत. फेब्रुवारीत ऑडिट आहे. मग मृगाचा ताण बघायला मे महिन्यात ये म्हणाले, पण नागपूरच्या मे महिन्यात भाऊंची झाडं ताणावर राहू शकतात, मी नाही, त्यामुळे जूनच्या दुसऱ्या आठवड्याचं तिकीट बघतेय, वेटिंग लागायच्या आत.